भिडस्तांची बिल्ड स्क्रिप्ट

संगणकाला भीड नसते. 'क्लास सापडला नाही' हे तो तोंडावर सांगतो, तेही तांबड्या अक्षरांत, आणि त्याखाली कोण कोणाकडे कशासाठी गेलं होतं याची पानभर जबानी जोडतो. माणसांना भीड असते, आणि जावा भाषेत प्रोग्राम लिहिणाऱ्या माणसांना ती अंमळ जास्तच असते. क्लासपाथ जुळवण्याच्या कामाने या मंडळींना जवळजवळ तीस वर्षं छळलं आहे. त्यावर तोडगा म्हणून एकामागून एक अवजारं निघाली, प्रत्येक अवजारावर जाडजूड पुस्तकं निघाली, पुस्तकं छापून येईपर्यंत अवजारं बदलली, आणि आजही हिंजवडीच्या किंवा खराडीच्या एखाद्या मजल्यावर कोणीतरी "काल तर चालत होतं!" असं म्हणतंच आहे. याची तांत्रिक कारणं सांगणारे पुष्कळ आहेत, आणि ती सांगताना त्यांचा चेहरा फार गंभीर असतो. माझं म्हणणं एवढंच, की हा प्रश्न मुळात तांत्रिक नाहीच. बिल्ड स्क्रिप्टमधली कुठलीही वैतागवाणी ओळ खरवडून पाहावी, खाली कोणाची तरी भीड निघते. जुन्या वापरकर्त्यांना दुखवायला नको, शेजारच्या टीमला विचारायला नको, आधीच्या माणसाने लिहिलेलं खोडायला नको, आणि मुख्य म्हणजे हे आपल्यालाही कळत नाही हे कोणाला कळायला नको.

क्लासपाथ स्वतः अगदी गरीब आहे. जावाचा प्रोग्राम चालू झाला की त्याला लागणारे क्लास तो एका यादीत धुंडाळतो. यादीत फोल्डरांची आणि जार फायलींची, म्हणजे क्लासांच्या गाठोड्यांची, नावं एकापुढे एक लिहिलेली असतात. पहिल्या नावापासून शोधायला लागायचं, जिथे क्लास सापडेल तिथे थांबायचं, पुढे याहून बरा आहे का ते बघायचं नाही. संपला क्लासपाथ. पूर्वी ही यादी हाताने लिहावी लागे. विंडोजवर दोन नावांमध्ये अर्धविराम आणि युनिक्सवर अपूर्णविराम, कारण अपूर्णविराम विंडोजने 'सी ड्राइव्ह'च्या नावात आधीच खर्च करून टाकलेला. विंडोजवर जुळवलेली यादी युनिक्सच्या सर्व्हरवर नेली की अर्धविराम पाहून त्याला हुकूम संपला असं वाटे, आणि उरलेली यादी म्हणजे नवा हुकूम समजून तो बजावायला निघे. २००६ च्या अखेरीस आलेल्या जावा ६ ने 'या फोल्डरमधल्या सगळ्या जार घे' असं एका फुलीत सांगायची सोय केली. मात्र त्या कुठल्या क्रमाने घेतल्या जातील याची हमी दिली नाही. एकाच क्लासच्या दोन पिढ्या त्या फोल्डरात नांदत असल्या तर आधी कुठली हाती लागेल, हे मशीनगणिक बदलू शकतं. "माझ्याकडे चालतंय" हे वाक्य प्रोग्रामर अंग झटकण्यासाठी म्हणतो असा लोकांचा समज आहे. तो बिचारा खरंच बोलत असतो.

भिडेचा पहिला पुरावा जावाहूनही जुना आहे. १९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी 'मेक' नावाचं अवजार लिहिलं. कुठली फाइल कशावरून बनते हे लिहून ठेवायचं, बदललं असेल तेवढंच मेक पुन्हा बांधून देणार. कल्पना इतकी अस्सल, की तिच्यासाठी २००३ साली त्यांना एसीएम या संगणकशास्त्रज्ञांच्या संस्थेचा पुरस्कार मिळाला. फक्त एक खोड राहिली. हुकमाची ओळ टॅबनेच सुरू झाली पाहिजे. टॅबऐवजी आठ स्पेस दिल्या तर माणसाच्या डोळ्यांना फरक दिसत नाही, मेकला दिसतो, आणि तो काम थांबवतो. हे चुकलं आहे असं फेल्डमन यांच्या लवकरच लक्षात आलं होतं. पण तोवर डझनभर लोक मेक वापरायला लागले होते, त्यांतले बहुतेक मित्रच. त्यांची बसलेली घडी मोडायला नको म्हणून टॅब तसाच राहू दिला, असं त्यांनीच पुढे सांगितलं आहे. डझनभर मित्रांची भीड! तिच्यापायी जवळजवळ पन्नास वर्षं जगभरचे लोक न दिसणारी अक्षरं शोधत बसले आहेत. या टॅबला वैतागलेल्यांपैकी एक जेम्स डंकन डेव्हिडसन. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये टॉमकॅटचं काम करताना त्यांनी अँट लिहिलं, आणि जुलै २००० मध्ये ते स्वतंत्र अवजार म्हणून बाहेर पडलं. त्यात टॅबचा जाच नव्हता. त्याऐवजी एक्सएमएलचे कोनदार कंस होते. ते निदान दिसत तरी होते. जार फायली आल्या कुठून, याची चौकशी मात्र अँट करत नसे. त्या 'लिब' नावाच्या फोल्डरात पडलेल्या असत. कोणी आणल्या ते आठवत नसे, आणि पुष्कळदा नावात व्हर्जन नसल्यामुळे कुठल्या पिढीच्या तेही कळत नसे.

"ही जार कशासाठी आहे?"

"आहे कशासाठी तरी."

"काढून बघू?"

"आज? शुक्रवारी?"

हाच प्रश्न सोमवारी विचारला तर "आठवड्याची सुरुवातच अशी करायची का?" असं उत्तर येतं. मधले वार मीटिंगांचे असतात.

मग मेव्हन आलं. २००४ साली पहिली आवृत्ती, २००५ साली दुसरी. त्याने सांगितलं, तुम्ही फक्त नाव आणि व्हर्जन लिहा, जार मी इंटरनेटवरच्या कोठारातून आणतो. शिवाय त्या जारला जे लागतं तेही आणतो, आणि त्याला जे लागतं तेही. सोय मोठी खरी. एक ओळ लिहावी आणि डझनावारी जार उतराव्यात, आणि त्यांच्याकडे आपण कौतुकाने बघत राहावं. आता दोन वेगळ्या वाटांनी एकाच लायब्ररीची दोन व्हर्जनं आली तर? मेव्हन म्हणतं, नात्याने जवळची असेल ती घ्या. म्हणजे तुमच्यापासून कमी पायऱ्यांवर जिचं नाव आलं ती, मग ती जुनी का असेना. पायऱ्या सारख्या असल्या तर फायलीत आधी जिची वर्णी लागली ती. पुढे आलेलं ग्रेडल म्हणतं, जवळचं-लांबचं आम्ही मानत नाही, जिचा नंबर मोठा ती घ्या. एकाचा वशिल्यावर विश्वास, दुसऱ्याचा नवलाईवर. ज्या कोडला ती लायब्ररी वापरायची आहे त्याला दोघंही विचारत नाहीत, आणि केलेला निवाडा आपण होऊन सांगतही नाहीत. तो कळतो प्रोग्राम चालू झाल्यावर, 'अशी मेथडच नाही' या एररने. बांधताना मेथड होती, चालवताना नाही, कारण बांधणाऱ्याने एक व्हर्जन पाहिलं होतं आणि यादीत भलतंच येऊन बसलं.

यावर औषध दोन्हीकडे आहे. दोन व्हर्जनांत झगडा दिसला की कामच थांबव, असा हुकूम ग्रेडलला देता येतो. मेव्हनकडेही त्यासाठी एन्फोर्सर नावाचं प्लगइन आहे. एखाद्या जुन्या प्रोजेक्टमध्ये हा हुकूम देऊन बघावा. स्क्रीन तांबडी होते, आजवर परस्पर मिटवलेली सगळी भांडणं एकदम चव्हाट्यावर येतात, आणि ती निस्तरायची जबाबदारी ज्याने हुकूम दिला त्याच्या गळ्यात पडते. "कालपर्यंत तर काही प्रॉब्लेम नव्हता," असं मॅनेजर अतिशय सौम्यपणे म्हणतात. हुकूम मागे घेतला जातो. भांडणं पुन्हा परस्पर मिटायला लागतात.

ग्रेडलने आणखी एक पेच वाढवला, आणि तो मात्र खरोखर रंगतदार आहे. ग्रेडलची बिल्ड स्क्रिप्ट ही नुसती यादी नसून स्वतःच एक प्रोग्राम असते, ग्रूव्ही भाषेतला किंवा अलीकडे कॉटलिनमधला. प्रोग्राम म्हटला की त्याला क्लास लागणार, क्लास म्हटले की क्लासपाथ आला. म्हणजे क्लासपाथ जुळवणाऱ्या स्क्रिप्टचाच क्लासपाथ आधी जुळवायचा. त्यासाठी फायलीच्या माथ्यावर 'बिल्डस्क्रिप्ट' नावाचा कप्पा, त्यात 'रिपॉझिटरीज' आणि 'डिपेन्डन्सीज' हे पोटकप्पे, आणि त्यातल्या ओळीच्या सुरुवातीला 'क्लासपाथ' हा शब्द. हा कप्पा संपला की खाली पुन्हा 'रिपॉझिटरीज', पुन्हा 'डिपेन्डन्सीज'. तीच नावं, तेच कंस, पण हे आपल्या प्रोग्रामसाठी. वरचं खाली लिहिलं तर ग्रेडल अडतं. खालची लायब्ररी वर 'क्लासपाथ' म्हणून लिहिली तर ग्रेडल मुकाट्याने घेतं आणि प्रोग्राम अडतो. २०१४ मध्ये यावर 'प्लगइन्स' नावाचा सुटसुटीत कप्पा निघाला. जुना काढला का? छे. दोन्ही चालतात, आणि कित्येक फायलींत दोन्ही गुण्यागोविंदाने असतात.

अँड्रॉइडवाल्यांचं एवढ्याने भागलं नाही. त्यांच्या नव्या प्रोजेक्टमध्ये 'बिल्ड.ग्रेडल' या एकाच नावाच्या दोन फायली येत, एक अख्ख्या प्रोजेक्टची आणि एक मॉड्यूलची. साहजिकच लोक चुकीच्या फायलीत लिहायला लागले. तेव्हा एका फायलीचं नाव बदलावं, हे सुचण्यासारखं होतं. त्याऐवजी वरच्या फायलीत एक सूचना आली, की आपल्या ॲपच्या डिपेन्डन्सी इथे ठेवू नयेत, त्यांची जागा मॉड्यूलच्या फायलीत आहे. ही सूचना वर्षानुवर्षं प्रत्येक नव्या प्रोजेक्टबरोबर जन्माला येत राहिली, आणि ज्यांच्यासाठी होती त्यांनी बरोब्बर तिच्या खाली आपल्या डिपेन्डन्सी ठेवल्या. शिवाय तिथे जी एक 'क्लासपाथ'ची ओळ हमखास असे, तिच्यात आणायच्या वस्तूचं नाव 'ग्रेडल' असंच असे. ते ग्रेडल नव्हतं. ते अँड्रॉइडचं ग्रेडलसाठीचं प्लगइन होतं. त्याचा नंबर वेगळा, खऱ्या ग्रेडलचा नंबर दुसऱ्या फायलीत, आणि कुठल्या नंबराला कुठला नंबर मानवतो याचं कोष्टक तिसरीकडे. अखेर २०२१ मध्ये हे प्लगइन ४.२ वरून थेट ७.० वर गेलं, पाच आणि सहा गाळून, ग्रेडलच्या आकड्याशी आकडा जुळावा म्हणून. नाव आजही तेच आहे. नाव बदलण्यापेक्षा दोन आकडे गाळणं सोपं गेलं असावं.

अशा पुढे ढकललेल्या गैरसोयी एके दिवशी एकदम भेटायला येतात. समजा, त्याच सुमारास ॲपमधल्या चित्रांचे कोपरे गोल करणारी एक लहानशी लायब्ररी घालायची होती. ओळ लिहिली. लायब्ररी म्हणाली, मला अँड्रॉइडचं नवं एसडीके पाहिजे. ते दिलं, तर प्लगइन म्हणालं, एवढं नवं मला झेपत नाही, आधी मलाच बदला. प्लगइन ७ वर नेलं. त्याला ग्रेडल ७ पाहिजे आणि जावा ११ पाहिजे. तीही आली. आता डिपेन्डन्सीच्या ओळीच्या सुरुवातीचा 'कंपाइल' हा शब्द ग्रेडल ७ ला कळेना. त्याच्या जागी 'इम्प्लिमेंटेशन' आणि 'एपीआय' हे शब्द २०१७ पासून आले होते, आणि या जुन्या सवयी पुढच्या आवृत्तीत चालणार नाहीत, असं ग्रेडल मधल्या काळात बिल्डच्या शेवटी नम्रपणे बजावत होतं. बिल्डच्या शेवटी कोण वाचतं? 'सक्सेसफुल' दिसलं की माणूस चहाला जातो. सगळे 'कंपाइल' बदलले. तेव्हा कळलं, की जेसेंटर ही रिपॉझिटरी आवरती घेतली आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये चालकांनी तसं जाहीर केलं होतं, मेपर्यंत आपापलं बघा म्हणाले होते, आणि मग ओरड झाल्यावर भिडेखातर 'नवीन काही घेणार नाही, आहे ते वाचायला ठेवतो' इथवर आले होते. म्हणून जेसेंटरची ओळ काढली आणि मेव्हन सेंट्रलची घातली, तर आधीपासून वापरात असलेली भलतीच एक लायब्ररी फक्त जेसेंटरवर राहत होती. ओळ परत घातली. मग आयडीईच्या मेनूतलं 'इनव्हॅलिडेट कॅशेस' केलं, ग्रेडलचं साठवणीचं फोल्डर उडवलं, मशीन बंद करून चालू केलं. ही तीन कर्मं नेमक्या कुठल्या दोषावरचा उतारा आहेत हे कोणी सांगत नाही, पण ती केल्याशिवाय मदत मागायला जायची सोय नाही, पहिला प्रश्न तोच येतो. संध्याकाळी ॲप होतं तसं पुन्हा चालू होतं. आतून सगळं नवं कोरं आहे. चित्रांचे कोपरे टोकदार आहेत.

पण भिडेची कमाल पाहायची तर लॉगिंगकडे यावं. प्रोग्रामने चालता चालता 'मी इथपर्यंत आलो' असं फायलीत लिहायचं, याचं नाव लॉगिंग. याहून किरकोळ काम संगणकाला सांगणं कठीण. त्यासाठी चेकी गुल्चू यांनी लॉगफोरजे लिहिलं आणि ते सगळीकडे पसरलं. २००२ साली जावाने स्वतःचं वेगळं लॉगिंग आणलं. आता लायब्ररी लिहिणाऱ्यांना वापरणाऱ्यांची भीड पडली. त्यांच्यावर आपली निवड कशी लादायची? म्हणून दोन्हींच्या वर बसणारं आणि असेल ते शोधून घेणारं कॉमन्स लॉगिंग रूढ झालं. ते शोधताना घोटाळे करी, म्हणून गुल्चू यांनीच एसएलएफफोरजे काढलं, आणि लॉगफोरजेला पर्याय म्हणून लॉगबॅकही. जुनं मात्र कोणी काढेना, कारण कुठली ना कुठली लायब्ररी ते मागत असे. मग मध्ये निरोप्ये नेमले. लॉगफोरजेकडे आलेला निरोप एसएलएफफोरजेकडे पोचवणारी एक जार, आणि एसएलएफफोरजेकडे आलेला लॉगफोरजेकडे पोचवणारी दुसरी. दोन्ही एकाच क्लासपाथवर आल्या की पहिली दुसरीकडे पाठवते, दुसरी पहिलीकडे, आणि स्टॅक भरून प्रोग्रामचा प्राण जाईपर्यंत हा सौजन्याचा व्यवहार चालू राहतो. या प्रकाराला तोंड देण्यासाठी पुढे आत मुद्दाम तपासणी घालावी लागली, की दुसरी दिसली तर आधीच बोंब ठोकायची.

आणि कॉमन्स लॉगिंग नकोच असेल तर? स्प्रिंगसारखं बडं फ्रेमवर्क त्या काळी ते बरोबर घेऊनच येई. 'याला आणू नकोस' असं मेव्हनला सांगता येतं, पण ते ज्या ज्या वाटेने येतं त्या प्रत्येक वाटेवर वेगळं सांगावं लागतं. त्यावर एक तोड निघाली. कॉमन्स लॉगिंगचं '९९-एम्प्टी' नावाचं व्हर्जन. आत काहीही नाही, रिकामी जार. ती यादीत घातली की मेव्हनला वाटतं कॉमन्स लॉगिंग आलं, आणि खरं यायचं टळतं. एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकावा, तशी ही जार. फक्त इथे रुमाल एकाच्या नावाचा आणि बसायला येतं दुसरंच: एसएलएफफोरजेची आणखी एक जार, जिच्यात कॉमन्स लॉगिंगचेच क्लास त्याच नावांनी घालून ठेवलेले असतात. हे सगळं कशासाठी, तर 'मी इथपर्यंत आलो' असं लिहिण्यासाठी.

यावर पहिला आक्षेप असा येतो, की हे ढिसाळ टीमचं वर्णन झालं. शिस्तीच्या ठिकाणी असं होत नाही. याचं उत्तर डिसेंबर २०२१ ने दिलं. लॉगफोरजे २ मध्ये असं भगदाड सापडलं, की एक विशिष्ट मजकूर त्याच्याकडून लॉगमध्ये लिहून घेतला की बाहेरच्या माणसाला त्या सर्व्हरवर आपला कोड चालवता येई. तीव्रता दहापैकी दहा. बँका, सरकारं, मोठमोठ्या कंपन्या, सगळ्यांपुढे एकच प्रश्न उभा राहिला: आपल्याकडे लॉगफोरजे आहे का? शिस्तीच्या ठिकाणीही उत्तर चटकन मिळेना, कारण पुष्कळ ठिकाणी ते कोणी मागवलेलंच नव्हतं, कोणाच्या तरी मागून आलेलं होतं. दुरुस्त व्हर्जन २.१५ आलं, त्यात राहून गेलेलं बुजवायला २.१६, मग २.१७, मग २.१७.१, सगळी त्याच महिन्यात. आणि हे भगदाड पडलं कशाने? लॉगच्या मजकुरात विशिष्ट पद्धतीने पत्ता लिहिलेला दिसला तर तिथे जाऊन माहिती आणायची, अशी एक सोय २०१३ पासून आत होती. ती सांभाळणाऱ्यांना स्वतःलाच आवडत नव्हती, पण जुन्या वापरकर्त्यांचं काही मोडू नये म्हणून ठेवावी लागली, असं त्यांच्यापैकी एकाने त्याच दिवसांत जाहीरपणे लिहिलं. बेल लॅब्जमधल्या टॅबचा वंश असा वाढला. या धामधुमीत सर्वांत निवांत होते ते ज्यांनी वर्षानुवर्षं काहीच केलं नव्हतं.

"तुमच्याकडे लॉगफोरजे कुठलं?"

"एक पॉइंट दोन."

"अहो, ते २०१५ सालीच बंद झालं!"

"म्हणून तर वाचलो."

त्या जुन्याला स्वतःची वेगळी भोकं होती, पण हे नव्हतं. आळसाला एवढं सज्जड प्रमाणपत्र क्वचितच मिळतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. भीड वाईट म्हणता, तर ती सोडल्यावर काय होतं तेही बघा. मार्च २०१६ मध्ये जावास्क्रिप्टच्या जगाने ते पाहिलं. एका पॅकेजच्या नावावरून झालेल्या वादात एनपीएम या कोठाराने निर्णय विरुद्ध दिला, म्हणून एका प्रोग्रामरने तिथली आपली सगळी पॅकेजं काढून घेतली. त्यांत लेफ्ट-पॅड नावाचं एक होतं. काम काय, तर अक्षरांच्या डावीकडे जागा भरून हवी तेवढी लांबी करून देणं. कोड ११ ओळींचा. ते गेलं आणि ठिकठिकाणची बिल्ड्स धडाधड कोसळली, कारण बेबलसारखी मोठी अवजारं कोणाच्या तरी मागून त्या ११ ओळींना टेकलेली होती. काही तासांत ते परत जागेवर ठेवावं लागलं, आणि एकदा दिलेलं असं सहजासहजी मागे घेता येऊ नये म्हणून एनपीएमने नियम बदलले. तेव्हा भीडच बरी, असं आक्षेप घेणारा म्हणेल. पण भीड नको म्हणजे तुसडेपणा हवा असं कुठे आहे? मेव्हन सेंट्रलने साध्या एचटीटीपीने येणाऱ्यांना १५ जानेवारी २०२० ला दार बंद केलं. आधी सांगितलं, तारीख दिली, आणि त्या तारखेला खरोखर बंद केलं. ५०१ हा एरर आणि 'एचटीटीपीएस पाहिजे' एवढा निरोप. ज्यांनी सूचना वाचली नव्हती त्यांची बिल्ड्स पडली, आणि पत्त्यात एक 'एस' घातल्यावर उठली. इतक्या स्वस्तात पार पडलेला दुसरा बदल या प्रांतात शोधावा लागेल. तो फारसा कोणाच्या लक्षातही नाही, कारण त्यात सांगण्यासारखी हकीगतच घडली नाही.

तिसरा आक्षेप जावावाल्यांचा लाडका: जुनं न मोडणं हाच तर आमचा गुण. हे बऱ्यापैकी मान्य करायला हवं. कैक वर्षांपूर्वी बांधलेली जार आजच्या जावावर बहुतेक वेळा चालते, आणि ज्यांचा पगार अशा जारमधून खात्यावर जमा होतो ते याबद्दल तक्रार करणार नाहीत. पण या गुणाचं पुढे काय होतं ते जावा ९ मध्ये पाहावं. क्लासपाथच्या जाचातून सुटका व्हावी, कोणाला काय लागतं आणि कोण काय देतं हे स्पष्ट लिहिलेलं असावं, म्हणून २००८ साली जिगसॉ नावाचा प्रकल्प सुरू झाला. तो जावा ७ मध्ये येणार होता, मग ८ मध्ये येणार होता, आला सप्टेंबर २०१७ मध्ये, ९ बरोबर. एवढ्या तपश्चर्येनंतर क्लासपाथ गेला असेल? राहिला. ज्यांना मॉड्यूलं नको असतील त्यांनी खुशाल क्लासपाथ वापरावा. त्यावरच्या सगळ्या गोष्टी एका अनामिक मॉड्यूलमध्ये टाकल्या जातात, आणि त्या मॉड्यूलला बाकी सगळं दिसतं. बहुसंख्य प्रोग्राम तिथेच जाऊन वसले. हे चुकलं असं म्हणवत नाही, कारण क्लासपाथ काढला असता तर जावा ८ वरून कोणी हललंच नसतं. तसेही पुष्कळजण बरीच वर्षं हलले नाहीत. तक्रार आहे ती हिशेबाची. भाषा लिहिणाऱ्यांनी पाळलेल्या भिडेचं बिल बिल्ड स्क्रिप्टला येतं. जावा १७ वर गेल्यावर जुन्या लायब्ररीसाठी 'ॲड-ओपन्स' असं काहीतरी चार-पाचदा लिहावं लागतं, ते कशासाठी हे वाचायला कोणाला वेळ नसतो, आणि एका प्रोजेक्टमधून दुसऱ्यात त्या ओळी श्रद्धेने उतरवून घेतल्या जातात.

हल्ली असंही ऐकू येतं, की आता हे सगळं एआय लिहून देईल. देतोच आहे. तो शिकला आहे आपणच लिहून ठेवलेल्या स्क्रिप्टांवरून, त्यामुळे अधूनमधून मोठ्या आत्मविश्वासाने 'कंपाइल' लिहितो आणि जेसेंटरची ओळ घालतो. चूक दाखवली की तत्परतेने माफी मागतो आणि दुसरी तेवढीच जुनी ओळ सुचवतो. आणि त्याने दिलेलंही कोणी खोडत नाही.

खोडायची भीड तर कुठल्याच अवजाराने घालवलेली नाही. २००५ पासून गिट आहे. काढलेली ओळ कधीही, जशीच्या तशी परत आणता येते. तरी ओळ काढत नाहीत. तिच्यापुढे दोन तिरप्या रेघा देतात आणि शेजारी 'तात्पुरतं' असं लिहितात. जिच्या बाबतीत तेवढंही धाडस होत नाही तिच्यावर 'काढू नये' अशी कमेंट असते, कारण न देता. ती कोणी लिहिली हे गिटला विचारता येतं. जुन्या प्रोजेक्टमध्ये गिट बहुधा एकाच माणसाचं नाव पुन्हा पुन्हा सांगतं, ज्याने एके काळी सगळा कोड एसव्हीएनमधून उचलून गिटमध्ये आणला. कंपनीत तो अजून असला तर बरीच वरची जागा त्याच्याकडे असते. नव्याने लागलेला मुलगा दबकत त्याच्याकडे जातो.

"सर, ही ओळ तुमची आहे?"

"नाही रे, मी नुसता कोड हलवला."

"मग काढू?"

"काढ की. मला कशाला विचारतोस?"

"तिच्यावर तुमचं नाव आहे म्हणून."

"माझं? मग राहू दे."